बर्फाचा मान

पोर्ट सेलिनाच्या जुन्या मासळीधक्क्याच्या टोकाला एक लांबट दगड आडवा पडलेला आहे. त्याच्यावर नाव नाही, साल नाही, क्रूस नाही, कसलीच खूण नाही. शहराच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो आहे आणि खाली छापले आहे की नाना देशांतून आलेल्या लोकांनी एका कुटुंबासारखे राहून हे बंदर उभारले, त्याचे हे स्मारक. हे वाक्य लिहिणारा माणूस धक्क्यावर कधी आला नसावा. आला असता तर इथल्या एखाद्या मासळीवालीने त्याला दंडाला धरून परत गाडीत नेऊन बसवले असते.

ऑगस्टमध्ये आलात तर इथे मोठी मौज बघायला मिळते. शहरातल्या एकूण एक समाजांचे अध्यक्ष भर उन्हात, उघड्या डोक्याने, बर्फाची एकेक लादी उराशी धरून या दगडाभोवती उभे राहतात. लादी वितळून संपेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचे नाही असा नियम. महागड्या कोटांतून पाणी गळत असते, नाकाच्या शेंड्यावर माशी बसलेली असते. समोर धक्क्यावरच्या बाया खुर्च्या टाकून बसतात, शेंगा फोडतात आणि आधी कोणाचा धीर सुटतो ते बघतात. याला इथे बर्फाचा मान म्हणतात. मानासाठी अध्यक्षांमध्ये वर्षभर चुरस चालते, रुसवेफुगवे होतात. ही मुळात शिक्षा होती, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

गोष्ट वाफेच्या बोटींच्या काळातली आहे असे सांगतात. मेक्सिकोच्या आखातावरचे हे बंदर तेव्हा भरात होते. कापूस जायचा, केळी यायची, आणि प्रत्येक बोटीबरोबर कुठल्या ना कुठल्या मुलखातली माणसे उतरायची. उतरल्यावर पहिले काम म्हणजे आपल्या मुलखातल्यांची आळी शोधायची आणि दुसरे म्हणजे शेजारच्या आळीला नावे ठेवायची. आयरिश आणि इटालियन दोघेही एकाच पोपला मानणारे, पण एका छपराखाली प्रार्थनेला बसणार नाहीत. जर्मन दोघांनाही गबाळे समजत. काळ्या माणसांना लांब ठेवायचे म्हटले की मात्र हे तिघेही हातात हात घालून उभे राहत. त्या एका बाबतीत शहर खरोखर कुटुंबासारखे वागे.

मेल्यावरही तेच. प्रत्येक समाजाची दफनभूमी वेगळी, तिचे कुंपण वेगळे, फाटकाचे कुलूप वेगळे. आपला मेलेला माणूस उठून शेजारच्या कुंपणात जाऊन बसेल अशी यांना धास्ती होती की काय कोण जाणे. आणि ज्याला कोणीच आपला म्हणणार नाही त्याच्यासाठी गावाबाहेर खाजणात एक खड्डा होता. त्यात टाकायचे आणि वर चुना ओतायचा. मोठी भरती आली की खाडीचे पाणी आत शिरे आणि टाकलेले पुन्हा वर काढी. धक्क्यावरचे लोक त्या बाजूला होडीसुद्धा नेत नसत.

या धक्क्यावर, साल्वातोरे ग्वेरा नावाच्या व्यापाऱ्याच्या वखारीत, रोझेटा नावाची एक काळी बाई मासे साफ करायची. तिचा नवरा एनॉक आपल्या शिडाच्या होडीतून खोल समुद्रात तांबोशी धरायला जाई. बाई तोंडाने फटकळ. नवरा असा घुम्या की त्याला आवाज आहे की नाही यावर शेजारी पैजा लावत म्हणे. त्या ऑगस्टमध्ये तो निघाला त्या सकाळी घरात चुलीच्या धुराड्यावरून भांडण झाले होते. म्हणजे भांडली ती एकटीच. तो दारात उभा राहून सगळे ऐकून घेत होता, मग जाळे उचलून गेला. ती पाठीमागून नको ते बोलली. त्याच संध्याकाळी वादळ आले.

काही दिवसांनी वादळ ओसरले तरी एनॉकची होडी आली नाही. रोझेटा इतर बायांबरोबर धक्क्यावर बसून राहिली. तेव्हा खांबांच्या मधल्या गढूळ पाण्यात एक माणूस पालथा तरंगत आला. अंगात तपकिरी कोट, खांद्यावर शिडाच्या कापडाचे ठिगळ. तसे ठिगळ तिने स्वतः एनॉकच्या कोटाला लावलेले होते. तिने कोणाला हाक मारली नाही. आकडीच्या काठीने त्याला ओढले, गुडघाभर चिखलात उतरून वर घेतले आणि त्याच्या पाठीवर पडून टाहो फोडला.

ती खूप रडली. एरवी चारचौघांत ज्याचा उच्चार करायचा नाही तेही बोलली. तू गेलास तर मी कोणाशी भांडू, म्हणाली. धुराड्याची, पाठीमागून बोललेल्या शब्दांची, आणखी किती जुन्या गोष्टींची तिने माफी मागितली. सगळा धक्का ऐकत होता. शेवटी दोन बायांनी तिला बाजूला घेतले आणि माणसाला उताणे केले. तो एनॉक नव्हता. कोणीतरी भलताच होता.

बायांना हायसे वाटले. एकजण तर हसायला लागली. "ऊठ बये, तुझा नव्हे तो," ती म्हणाली. "ठेव तिथे. बघतील ज्यांचं त्यांचं."

रोझेटा उठली नाही. तिला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग लक्षात आले की दोन्हीचा काही उपयोग नाही. तिच्या पोटातले सगळे या माणसाला सांगून झाले होते. तिने मागितलेली माफी यानेच ऐकली होती.

"माझं रडून झालंय," ती म्हणाली. "ते आता परत कसं घेऊ?"

दुसऱ्या दिवशी एनॉक आला. डोलकाठी मोडलेली, पण स्वतः धडधाकट आणि होडी तांबोशीने भरलेली. धक्क्यावर ओरडा झाला. रोझेटाने त्याला पाहिले, त्याच्या छातीवर हात ठेवून खात्री केली आणि वखारीत परत गेली. मासे साफ करायच्या लांब टेबलावर तो परका माणूस बर्फात ठेवलेला होता. एनॉकच्या वाटचे मरण या माणसाने घेतले, असे तिने मनाशी पक्के धरले होते. हे खरे की खोटे याचा वाद आपण घालायचे कारण नाही. तिने शपथ घेतली की हा खड्ड्यात जाणार नाही, जमिनीत जाईल, आणि भरतीचे पाणी त्याला उचलणार नाही.

पण जमीन कोणाची? दुसऱ्या समाजाच्या माणसाला कोणी आपल्या कुंपणात घेत नव्हते. शहराचा आरोग्य निरीक्षक नाकाला रुमाल लावून आला आणि म्हणाला, "बर्फ आहे तोवर ठेव. बर्फ संपला की गाडी पाठवतो." वादळात बर्फाच्या कारखान्याची चिमणी कोसळली होती. वखारीत होता तेवढाच बर्फ, आणि ऑगस्टचे ऊन मी म्हणत होते.

मग तिने एकेका समाजाच्या दाराशी जाऊन विनवले. तेव्हा थोर माणसे वखारीत येऊन गेली. जर्मन मंडळाचा अध्यक्ष डिट्रिक क्लॉस दारू गाळायच्या कारखान्याचा मालक होता. त्याने मृताचे दात पाहिले आणि आमच्यात असे दात नसतात असा निर्वाळा दिला. आयरिश मंडळाचा मलाकी डुगन हमालांच्या टोळ्यांचा मुकादम. त्याने गळ्यात क्रूस आहे का ते चाचपले, नाही म्हटल्यावर स्वतःच्या गळ्यातला क्रूस चाचपला आणि गेला. इटालियनांचा अध्यक्ष वखारीचा मालक ग्वेराच. पाय फार मोठे आहेत, तो म्हणाला, आणि टेबल कधी मोकळे होणार हे दोनदा विचारून गेला. रोझेटाच्या स्वतःच्या चर्चचा डीकन, म्हणजे तिथला कारभारी, रात्रभर जागल्यासारखा चेहरा करून आला. "हा गोरा निघाला तर आपलं चर्च जाळतील," तो म्हणाला. त्याची भीती खोटी नव्हती, तेवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. पण तो तिच्याकडे न बघता बोलला, हेही लोक सांगतात.

खरी अडचण तीच होती. हा गोरा की काळा, हे कोणाला कळत नव्हते. इतके दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचा रंग कोणाच्याच कामाचा उरत नाही. ज्या शहराला माणसाकडे बघून दुसरे काही ओळखताच येत नव्हते, त्याची चांगलीच पंचाईत झाली.

बर्फ वितळत होता. वखारीतला संपत आला तेव्हा एनॉक होडीकडे गेला आणि तिच्या पोटातल्या बर्फाच्या लाद्या काढून आणू लागला. त्यांच्यावरच तर त्याची तांबोशी टिकून होती. रोझेटाने त्याला अडवले.

"मासळी नासेल," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि पुढची लादी आणायला गेला. संध्याकाळपर्यंत त्याची सगळी मासळी नासली. धक्क्यावरचे लोक त्याला वेडा म्हणाले. बायको परक्यासाठी रडली आणि नवऱ्याने त्याच्यासाठी मासळी घालवली, असली जोडी देवाने बघूनच लावली म्हणाले. मग दुसऱ्या होडीवाल्याने एक लादी आणून दिली. मग तिसऱ्याने. का दिल्या, हे त्यांना विचारले असते तर धड सांगता आले नसते. नासक्या माशांचा वास सगळ्या शहरभर पसरला आणि थोर माणसांनी आपापल्या खिडक्या लावून घेतल्या.

तेवढ्यात पाहा काय झाले. वादळात फुटलेल्या एका मोठ्या बोटीचे उतारू दुसऱ्या जहाजाने बंदरात आणले. त्यांत नगराध्यक्षांची मेहुणी आणि तिची मुले होती. त्यांनी सांगितले की बोट बुडताना भट्टीवर कोळसा ओढणारा एक माणूस वर आला, तपकिरी कोटाचा, खांद्यावर ठिगळ असलेला. त्याने एकेकाला उचलून होड्यांत उतरवले. शेवटच्या होडीत जागा होती तीही दुसऱ्याला दिली. तो बोलला काय? काहीच नाही, त्या म्हणाल्या. तोंडातून शब्द नाही, नुसते हात पुढे करत होता. नाव? भट्टीवरच्या माणसाचे नाव वरच्या मजल्यावरच्या उतारूंना माहीत असायचे कारण नव्हते. त्याच्या बरोबरचे सगळे बुडाले होते.

ही बातमी शहरात पसरली आणि मृताचे एकदम गोत वाढले. क्लॉस शिसवी शवपेटी आणि बँड घेऊन आला. ते दात आता त्याला उत्तर जर्मनीतले वाटू लागले होते. डुगन म्हणाला, क्रूस पाण्यात गळून पडला असणार, आणि असे धाडस आयरिश माणसाशिवाय करतो कोण? ग्वेराने संगमरवराची मागणी नोंदवून टाकली; पाय मोठे असणे हे त्याच्या आजोळी खानदानाचे लक्षण होते म्हणे. डीकनही आला. पाठीमागे त्याचे भजनी मंडळ होते आणि आता त्याला जळण्याची भीती नव्हती. नगराध्यक्ष भाषणाचे कागद खिशात घालून हजर झाले. काल ज्याला खड्ड्याची गाडी येणार होती त्याच्या दारात आज शवपेट्यांची रांग लागली.

रोझेटा वखारीच्या दारात उभी होती. हातांना माशांचे खवले, डोळे सुजलेले. तिला या सगळ्यांची किळस आली असे सांगतात. तरी ती एकदा डगमगली. यांच्यापैकी कोणाच्याही हवाली केला असता तर त्याला चांगली जमीन मिळाली असती, कोरडी, कुंपणाची, भरतीपासून लांब. शपथ तेवढीच होती. आपल्या हट्टापायी आपण त्याची जागा घालवत तर नाही ना, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. मग तिने क्लॉसच्या माणसांना शवपेटीवर मंडळाचे नाव कोरलेली पितळी पट्टी ठोकताना पाहिले.

"साहेब लोकहो," ती म्हणाली, "हा माणूस मरताना बोलला नाही म्हणे. नुसता उभा राहिला आणि द्यायचं ते देत राहिला. तुमचा असेल तर तुम्हालाही जमेल. एकेक लादी घ्या आणि उभे राहा. ती वितळेपर्यंत जो बोलणार नाही त्याचा हा माणूस. मी वाटेतून बाजूला होईन."

एका मासे कापणाऱ्या बाईने अट घालावी हे कोणाला रुचले नाही. पण समोर गर्दी होती, वर्तमानपत्राचा बातमीदार होता, आणि दुसरा हो म्हणेल या भीतीने प्रत्येकजण हो म्हणाला. होडीवाल्यांनी आपल्याकडच्या उरल्यासुरल्या लाद्या आणून दिल्या. थोर माणसे धक्क्यावर ओळीने उभी राहिली.

पहिला डुगन गेला. क्लॉस हळूच सावलीकडे सरकतो आहे हे त्याला दिसले आणि "लबाडी आहे ही," असे तो बोलून गेला. लबाड कोणाला म्हणतोस म्हणून क्लॉस गेला. ग्वेरा दोघांकडे बघून गालात हसत होता. तो जिंकणार असेच सर्वांना वाटले. पण बातमीदार जवळ आला आणि त्याने नाव विचारले, तेव्हा ग्वेराने ते सांगितले, बापाच्या नावासकट. आता नगराध्यक्ष आणि डीकन राहिले. बाकीचे सगळे बाद झालेले पाहून नगराध्यक्षांना राहवले नाही. इतकी मोठी गर्दी आणि इतकी शांतता त्यांना आयुष्यात पुन्हा कधी मिळणार होती? "या ऐतिहासिक प्रसंगी," त्यांनी सुरुवात केली आणि कागद संपेपर्यंत ते थांबले नाहीत. भाषण देवाच्या नावाने संपले. डीकनच्या हातातली लादी लिंबाएवढी उरली होती. त्याने आयुष्यभराच्या सवयीने मोठ्याने "आमेन" म्हटले.

धक्क्यावर जो हशा पिकला तो खाडीपलीकडे ऐकू गेला म्हणतात.

हसणे थांबले तेव्हा लोकांचे लक्ष गेले. वखारीच्या दाराशी एनॉक उभा होता. तो शेवटची लादी आत न्यायला आला होता, पण या मंडळींनी वाट अडवल्यामुळे तसाच उभा राहिला होता. त्याला पैज माहीत होती की नाही कोण जाणे. त्याच्या हातात आता बर्फ नव्हता, नुसते ओले गोणपाट होते. तो रोझेटाकडे बघत होता, आणि ज्याअर्थी ती रडत होती त्याअर्थी आणखी बर्फ लागणार असे समजून परत वळायच्या बेतात होता.

"राहू दे," ती म्हणाली. "झालं. आपलाच आहे तो."

जमीनही त्यांनी आपलीच शोधली. रिकाम्या येणाऱ्या बोटींचा तोल राहावा म्हणून त्यांच्या बुडाशी दगड भरलेले असत. माल भरताना ते दगड धक्क्याच्या कडेला टाकून देत, आणि वर्षानुवर्षे टाकून तिथे उंच भराव झाला होता. कुठल्या कुठल्या देशांचे दगड, त्यावर कोणाचेच कुंपण नाही, आणि भरतीच्या रेषेच्या पुष्कळ वर. धक्क्यावरच्या लोकांनी तिथे खणले. पेटी होडीच्या फळ्यांची होती. वर ठेवायला भरावातलाच एक लांबट दगड मिळाला. निरीक्षक आला, रोझेटाच्या हातातली मासे कापायची सुरी पाहिली आणि आपले काम दुसरीकडे आहे असे त्याला आठवले.

पुढच्या ऑगस्टमध्ये तेच अध्यक्ष फुलांची चक्रे घेऊन आले. बायांनी धक्क्याच्या तोंडाशी दोर बांधला होता. यायचे तर बर्फ घेऊन या आणि तोंड बंद ठेवा, असे त्यांनी सांगितले. लाजेने ते परत जातील अशी बायांची कल्पना होती. पण फोटो काढणारे आलेले होते. थोर माणसांनी बर्फ मागवला. अशी ही शिक्षा मान होऊन बसली. आता त्यासाठी समिती आहे, छातीवर लावायची पदके आहेत, आणि कोणाचा समाज दगडाच्या उशाशी उभा राहणार यावरून एकदा प्रकरण कोर्टात गेले होते. शतक उलटले तरी बर्फ संपेपर्यंत गप्प राहिलेला एकही अध्यक्ष धक्क्याला आठवत नाही.

आपल्या लोकांनाही तुम्ही सोडू नका. इथल्या मराठी मंडळाने काही वर्षांपूर्वी ठराव केला की तो भट्टीवरचा माणूस रत्नागिरीकडचा खलाशी होता. पुरावा काय? तो काटक होता आणि मुकाट्याने काम करत होता. आपल्याला हे दोन्ही गुण कोणी लावावेत याचेच आधी नवल वाटले पाहिजे. अध्यक्ष फेटा बांधून आले, लादी घेऊन उभे राहिले. बिचाऱ्यांनी खूप सोसले, पण समोर माणसे दिसत होती. लादी अर्धी झाली आणि त्यांनी घसा खाकरला. "मी फक्त दोन शब्द बोलणार आहे," ते म्हणाले. बायांनी उरलेला बर्फ त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या माशांवर टाकला.

लोक बघायला येतात तो दगड हाच, पण बघण्यासारखे त्याच्यात फारसे काही नाही. फोटो काढायचा तर काढा. रोझेटाने जे सुरू केले ते खरे चालते, ते मात्र अध्यक्ष नसतात त्या दिवशी.

आजही या बंदरात बुडालेला माणूस वर आला की ज्याच्या हाताला तो लागेल त्याचा तो होतो. कुठला, कोणत्या धर्माचा, हे त्याला पुरेपर्यंत कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी कोळंबीवाल्या थुई नावाच्या व्हिएतनामी बाईच्या जाळ्याला पहाटे एक तरुण लागला, कुठल्या मालवाहू जहाजावरचा असावा. तिने त्याला धक्क्यावर घेतले, त्याच्या अंगावर ताडपत्री घातली आणि त्याच्यापाशी बसून मोठ्याने रडली. पोलीस आले. इथलेच, धक्क्याजवळ वाढलेले. ते टोप्या काढून लांब उभे राहिले. तिचे रडणे संपल्यावर त्यांच्यातला मोठा पुढे आला आणि तिच्याशेजारी खाली बसला.

"तुमचं माणूस गेलं," तो तिला म्हणाला. "फार वाईट झालं."